सात नंबरची नणंद

भाठाडीहच्या केबिनला गावात तीन इतिहास आहेत आणि तिन्ही खोटे आहेत. पहिला असा, की कुण्या गोऱ्या साहेबाला उंचावर बसून सांबर मारायची हौस होती, म्हणून त्याने ती बांधली. दुसरा असा, की राइस मिलच्या शेठने साहेबाला दुबराज तांदळाचा भात खाऊ घातला आणि साहेब पाघळला. तिसरा असा, की केबिनचं सामान मोठ्या लायनीवरच्या भलत्याच स्टेशनासाठी निघालं होतं, ते चुकून इथे उतरलं आणि परत पाठवायला अर्ज कोण करणार, म्हणून इथेच उभं केलं. हिरालाल गोंडाणेचा तिसऱ्यावर थोडाफार विश्वास होता. तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाचा तो असणारच.

एवढं खरं, की रायपूरहून अभनपूरकडे जाणाऱ्या छोट्या लायनीवर, एका टिचभर स्टेशनाच्या बाहेर, बावीस पायऱ्यांची दुमजली केबिन उभी होती. वरच्या खोलीत नऊ लीव्हर, कंबरेइतके उंच, एका ओळीत. लीव्हर ओढला की खाली तारा ताणायच्या, लांबवर सिग्नलचा हात पडायचा, रूळ इकडचे तिकडे व्हायचे. आता छोटी लाइन बंद पडली होती, रूळ उचलून नेले होते, सिग्नलचे खांबही गेले होते. उरली होती केबिन, आणि तिचे नऊ लीव्हर, आणि रोज सकाळी किल्ली घेऊन तिथे जाणारा एकोणसत्तर वर्षांचा हिरालाल. नोकरी संपून नऊ वर्षं झाली होती. तो जायचा, लीव्हरना तेल द्यायचा, खिडक्या पुसायचा आणि जेवायच्या वेळेला घरी यायचा. विचारलं तर म्हणायचा, "हवा खायले जातो." हवा खाऊन आलेल्या माणसाच्या सदऱ्याला रॉकेलचा वास का येतो, हे कुणी विचारत नसे.

मग नरहरी देवपुजारी उगवले. हे रायपूरच्या समता कॉलनीत राहणारे, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर काहींना गुडघे धरतात, नरहरींना इतिहास धरला होता. त्यांनी 'भाठाडीह केबिन जतन समिती' काढली. अध्यक्ष तेच, सचिव तेच, आणि बैठकीला दुसरं कुणी असावं म्हणून हिरालाल. पण माणूस चिकाटीचा. वर्षभर अर्जांमागून अर्ज धाडून त्यांनी शेवटी वरून उत्तर आणलंच: बुधवारी अकरा वाजता अधिकारी पाहणीला येतील. नऊही लीव्हर क्रमाने चालून दाखवले, तर केबिन जागेवर राखली जाईल. नाही चालले, तर यंत्र काढून दूरच्या संग्रहालयात जाईल आणि इमारत पुढच्या महिन्यात पडेल.

ते पत्र हिरालालने चारदा वाचून घेतलं. दुसऱ्याचं घर पडलं तर माणूस हळहळतो. इथे त्याचं स्वतःचं अर्धं आयुष्य पडणार होतं, आणि त्याला ते सहन होणार नव्हतं. त्याने तसं बायकोला सरळ सांगितलंही. "प्रशिकची माय, केबिन गेली ना, तर मी इथं नाई राहत. मले भनपुरीले पोराकडं नेऊन टाक."

"भनपुरीले ट्रकाचा धूर खान का?" अंजनाबाई म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

अंजनाबाई केबिनबद्दल फारसं बोलत नसे. त्याला कारण होतं, आणि ते कारण जगात फक्त दोघांना ठाऊक होतं.

एकोणीसशे शहाऐंशी साली हिरालाल टेंपररी होता. पक्कं होण्याचा कागद निघाला होता, फक्त डॉक्टरी तपासणी बाकी होती. अशा ऐन मोक्याच्या वेळी शेजारच्या बोकडाने त्याला केबिनच्या पायरीवरून ढुशी मारून खाली पाडलं आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. कळवावं तर बदली माणूस येणार, तपासणीत नापास होणार, नोकरी जाणार. न कळवावं तर लीव्हर ओढणार कोण? एका हाताने तो हलतसुद्धा नाही. हिरालाल रात्रभर कण्हत बसला. सकाळी अंजनाबाईने तीन वर्षांचा प्रशिक कडेवर घेतला, पदर खोचला आणि बावीस पायऱ्या चढून वर आली. "कोनचा आधी ओढाचा, सांगा," म्हणाली. गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या होत्या. वरून शाल पांघरून हिरालाल डाव्या हाताने फोन धरायचा आणि कुणी विचारलं तर हिवताप आहे म्हणायचा. स्टेशन मास्तर चांगले लठ्ठ, बावीस पायऱ्या चढून कोण येतो खात्री करायला! तेव्हापासून हाड जुळेपर्यंत गाड्या अंजनाबाईने घेतल्या. एकही गाडी लेट झाली नाही. हिरालाल पक्का झाला, पेढे वाटले, आणि विषय दोघांनी मनात पुरून टाकला.

म्हणूनच, नरहरी वही घेऊन घरी मुलाखतीला आले आणि त्यांनी विचारलं, "म्हणजे तीस वर्षं तुम्ही एकट्यानेच?" तेव्हा हिरालाल म्हणाला, "हाव. एकटाच." त्याच क्षणी अंजनाबाईने चहाचा कप त्याच्यापुढे असा ठेवला, की अर्धा चहा बशीत आला. नरहरींना वाटलं, हात थरथरला. हिरालालला बरोबर कळलं, पण त्याने बशीतला चहा पिऊन टाकला. नियम मोडला होता, तोही असातसा नाही. त्याच्या हिशेबी असा नियम मोडणाऱ्याची पेन्शन रेल्वे मेल्यावरसुद्धा बंद करू शकत होती.

नरहरींनी ते वाक्य वहीत लिहिलं, आणि उत्साहाच्या भरात संगमरवरावरही कोरून घेतलं. 'येथे हिरालाल गोंडाणे यांनी तीस वर्षे एकट्याने सेवा केली.' 'एकट्याने' हा शब्द त्यांना फार आवडला होता, म्हणून तो जरा मोठ्या अक्षरात होता.

मंगळवारी संध्याकाळी हिरालालने शेवटची चाचणी घेतली. नऊच्या नऊ लीव्हर लोण्यासारखे चालले. तो खुशीत घरी आला, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि शांत झोपला.

बुधवारी दाढी-अंघोळ उरकून साडेदहाला तो केबिनवर चढला आणि दारातच थांबला.

सगळे लीव्हर सोनेरी होते. आदल्या संध्याकाळपर्यंत लाल, काळे, निळे, पिवळे आणि एक पांढरा होता. ते रंग हौसेचे नव्हते. लाल म्हणजे सिग्नल, काळा म्हणजे गाडीचा रूळ बदलणारे सांधे, निळा म्हणजे त्या सांध्यांचं कुलूप. आता डोक्यापासून पायापर्यंत सगळे सारखे झगमगत होते, वरचे आकड्यांचे बिल्लेसुद्धा रंगाखाली गेले होते. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या हिरालालच्या डोळ्यांपुढे नुसता चकचकाट झाला.

"सरप्राईज!" नरहरी कोपऱ्यातून पुढे आले. "समितीकडच्या दुसऱ्या किल्लीने पहाटे सहापासून पेंटर लावला होता. हेरिटेज लूक! कसं वाटतं?"

"देवपुजारी साहेब," हिरालालचा आवाज चिरका झाला, "हे काय करून ठेवलं? ही का लग्नाची कमान व्हय?"

"अहो, पाहुण्यांवर छाप नको पडायला?"

"छाप पडन ना! हात लावा, हाताले छाप पडन!" रंग अजून ओला होता. हिरालाल खरोखर चिडला होता. तीस वर्षं त्याने लीव्हरला उघडा हात लावला नव्हता. घामाने लोखंड गंजतं, म्हणून प्रत्येक वेळी मुठीत फडकं असायचं, तेही सुती, अंजनाबाईच्या जुन्या लुगड्याचं. आणि हा माणूस डबाभर रंग ओतून मोकळा! पण अकरा वाजायला आले होते, भांडायला सवड नव्हती. खाली नात पायल मोबाईल घेऊन उभी होती, आणि अंजनाबाई ठेवणीतली पांढरी साडी नेसून, डबा घेऊन पायऱ्यांवर टेकली होती.

"दादाजी, टेंशन मत लो," पायल खालून ओरडली, "गोल्डन में फोटो मस्त आएगा!"

अधिकारी बाई वेळेवर आल्या. ज्ञानदा मॅडम, मूळच्या नागपूरच्या, चाळिशीच्या, हातात फाईल, पायात बूट. धाडधाड पायऱ्या चढल्या, लीव्हर पाहिले आणि भुवया उंचावल्या. "हे सोनेरी कुणी केलं?"

नरहरींनी घाईने खिडकीबाहेर पाहिलं.

"असू दे. काका, मेन लाइनवर गाडी घेऊन दाखवा. रूळ नाहीत, पण समजा आहेत."

हिरालालने फडकं मुठीत घेतलं. आकडे दिसत नसले तरी काय झालं, हाताला ठाऊक होतं. डावीकडून तिसरा. त्याने खटका दाबला, ओढलं. लीव्हर हलला नाही. पुन्हा ओढलं. नाही. त्याने चौथा पाहिला, तो नाही. पहिला पाहिला, तो तर भिंतीत चिणल्यासारखा. फडकं सोनेरी झालं, कपाळ घामाने भिजलं. या यंत्राची खोडच अशी, की एक लीव्हर जागेवर नसला तर बाकीचे हलत नाहीत, म्हणजे दोन गाड्या एका रुळावर येत नाहीत. कुठला तरी एक चुकीच्या जागी होता. पण कुठला? सारख्या सोन्यात त्याला वीतभर फरकसुद्धा दिसेना.

"ताकद कमी पडते का?" नरहरींनी विचारलं आणि मदतीला हात घातला. दोघांनी मिळून ओढलं. नरहरींच्या पाठीतून कटकन आवाज आला, लीव्हरमधून नाही.

"काल संध्याकाळी चालत होतं मॅडम. बुद्धाची शपथ," हिरालाल म्हणाला. ज्ञानदा मॅडमचा चेहरा वाईट नव्हता. त्यांनाही वाईटच वाटत होतं, आणि तेच जास्त भीतीचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फाईलमधला कागद काढला. "काका, मला जे दिसतं तेच लिहावं लागेल."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "ननंद दारात उभी हाय नं. मंग सासू कशी हलन?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. अंजनाबाई उंबऱ्यावर उभी होती. ती लीव्हरांकडे बघत होती, माणसांकडे नाही.

हिरालालच्या डोक्यात क्षणात उजेड पडला. शहाऐंशी साली अंजनाबाईला आकडे ध्यानात राहत नव्हते, म्हणून तिने प्रत्येक लीव्हरला घरातलं नातं लावलं होतं. तीन नंबर, रुळांचे जड सांधे, ती सासू. चार नंबर, सासूला कुलूप घालणारी, ती मोठी जाऊ. एक नंबर सिग्नल म्हणजे सासरा, सगळ्या बायका एकमताने बसल्या की शेवटी मान डोलावणारा. सहा नंबरला मुळात कामच नव्हतं, तो जावई. आणि सात नंबर, मिलच्या फाट्याचा सांधा, ती नणंद. नणंद आपल्या घरी नीट बसलेली असली तरच सासू हलते. ती जरा उंबरठ्यात आली, की घरातलं एकही माणूस जागचं हलत नाही. पेंटरने मागची बाजू रंगवायला सात नंबर चार बोटं पुढे ओढला होता आणि तसाच सोडला होता.

आता हिरालाल स्वतः जाऊन तो मागे ढकलू शकत होता. कुणाला काही कळलं नसतं. तो एक पाऊल पुढे गेलाही. पण अंजनाबाईने डबा खाली ठेवला होता, पदर खोचला होता, आणि त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं होतं. तो बाजूला झाला. का झाला, हे त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही.

तिने सात नंबर ढकलून जागेवर बसवला. "जा माय, आपल्या घरी जा." मग तीन नंबरचा खटका दाबला, उजवी टाच फळीला लावली, सगळं अंग मागे टाकलं. सासू खडखडत आली. मग मोठी जाऊ आली. मग सासरा. बासष्ट वर्षांची बाई, पण एकही झटका नाही, की एकही पाऊल चुकलं नाही. नंतर तिने सगळे उलट्या क्रमाने परत घातले, मिलचा फाटा घेऊन दाखवला, आणि शेवटी जावयालाही मान म्हणून एकदा ओढलं. नऊच्या नऊ झाले. आजीच्या मागोमाग वर आलेली पायल मोबाईल धरून तोंड उघडं टाकून उभी होती. "दादी, ये आपको किसने सिखाया?"

अंजनाबाईने फडकं झटकलं आणि डबा उचलला.

"हेच विचारणार होते," ज्ञानदा मॅडम म्हणाल्या. "आई, ही टाच लावून ओढायची पद्धत नुसतं बघून येत नाही. तुम्ही हे काम केलं आहे?"

"मी डबा आनत होती इथं," अंजनाबाई म्हणाली. "येता-जाता पाह्यलं."

"अहो हो, पाहून पाहून येतं," नरहरी घाईने म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे संगमरवर होता. "काम हिरालालजींनी केलं. एकट्याने. तीस वर्षं. तसं कोरलेलं आहे."

केबिन वाचली होती. हिरालालला फक्त गप्प बसायचं होतं. अडतीस-एकोणचाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं आणि त्याचा हात चांगला बसला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती जिना उतरायला वळली होती. तिच्या दोन्ही तळव्यांना सोनेरी रंग लागला होता, आणि ती तो साडीला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून उभी होती. हिरालालला स्वतःची लाज वाटली. अशी लाज वाटली, की पेन्शन आठवलीच नाही.

"खोटं हाय," तो म्हणाला.

"काय खोटं?" नरहरींनी विचारलं.

"एकट्यानं नाई केलं. शहाऐंशी साली बोकडानं पाडलं, माझं मनगट मोडलं होतं, मी कोनाले सांगितलं नाई. या बाईनं गाड्या घेतल्या. पोरगं पाठीशी बांधून घेतल्या. मी शाल पांघरून फोन धरून बसलो होतो." मग, नवरा बायकोचं नाव घेत नाही त्या घरातला हिरालाल सगळ्यांसमोर म्हणाला, "अंजनाबाई गोंडाणे. लिहा मॅडम. आन् पेन्शन बंद करायची असन तर माझी करा, तिचं नाव नका कापू."

नरहरींनी हळूच विचारलं, "संगमरवरातला एक शब्द खोडता येतो का हो?"

ज्ञानदा मॅडम हसल्या. "पेन्शन कुणी बंद करत नाही काका. बोकडाचा, मनगटाचा, सगळ्यांचा जबाब घेते मी. तीन वर्षांपासून जुनी यंत्रं बघत फिरते आहे, पण चालवणाऱ्या बाईचं नाव अजून एका कागदावर सापडलं नव्हतं." त्यांनी फाईल खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "केबिन इथेच राहील. आता मला नीट सांगा."

अंजनाबाई परत आत आली होती. ती हिरालालकडे रोखून बघत होती. "आता काहून सांगितलं?" तिने विचारलं. "पक्के झाले तवा नाई सांगितलं. रिटायर झाले, हार घातले लोकायनं, तवा नाई. मले वाटलं, विसरले तुमी."

"विसरलो नोयतो. भेलो होतो."

"सायबाले?"

"आधी सायबाले," हिरालाल म्हणाला. "मंग गावाले. लोकं म्हनतीन, याची नोकरी बायकोनं केली. मले ते आयकायचं नोयतं, बस." एवढं खरं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बोलून टाकलं होतं.

पायलने येऊन आजीचा सोनेरी हात धरला, तेव्हा अंजनाबाईने तो सोडवून घेतला नाही.

मॅडमनी लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "केबिनवर काम केलेल्या व्यक्ती. हिरालाल गोंडाणे, तीस वर्षं. अंजनाबाई गोंडाणे, शहाऐंशी साली..." त्या थांबल्या. "किती दिवस, काका?"

"चाळीस," हिरालाल लगेच म्हणाला. हाडवैद्याने चाळीस दिवसांची पट्टी बांधली होती. तो आकडा त्याला झोपेतही आठवत असे.

"बेचाळीस," अंजनाबाई म्हणाली.

"चाळीस नं. एकेचाळिसाव्या दिशी पट्टी सुटली."

"पट्टी सुटली, पन तुमची मूठ मिटत नोयती. दोन दिवस तुमी लीव्हरले हात लावून नुसते उभे राह्यले. ओढला मीच." तिने बोटांवर काही मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती. ते बेचाळीस दिवस तिने तेव्हाच मोजून ठेवले होते आणि कुणी विचारेल म्हणून जपले होते.

हिरालालने ते दोन दिवस आठवून पाहिले. आठवेनात. मग एकदम आठवले: त्याच्या न मिटणाऱ्या मुठीवर तिची मूठ, आणि खालून जाणारी साडेपाचची पॅसेंजर.

"बेचाळीस लिहा मॅडम," तो म्हणाला. "ती बरोबर हाय."